पिवळ्या धातूचं घड्याळ

मंजिरी,

तुझ्या घड्याळाचे ओरखडे काढायला बसलो आणि पहिल्याच पायरीला अडलो.

केतकी उद्या बंगळुरूला परत जातेय. तुझ्या आजारपणासाठी घेतलेली रजा संपली. जाताना तुझं घड्याळ नेणार आहे, रोज हातात घालायला. सकाळी चहा झाल्यावर तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, एवढे बारीक ओरखडे काढून द्या ना. आईलाही ते आवडायचे नाहीत. तुम्ही नीट कराल." तुझं तेरावं झाल्यापासून ती मला रोज एक काम लावून देते. बापाने नुसतं बसून राहू नये म्हणून हा उपाय असावा. मला कळतं, पण मी करतो. नाहीतरी काम केलं काय आणि नाही केलं काय, थकवा तेवढाच येतो.

घरच्या घरी ओरखडे कसे काढायचे ते तिने मोबाइलवर शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागली. "पहिली गोष्ट. घड्याळ खरोखर सोन्याचं आहे की सोन्याचं पाणी दिलेलं, ते आधी ठरवा. सोन्याचं असेल तर हलक्या हाताने घासून ओरखडे जातात. पाणी दिलेलं असेल तर अजिबात घासू नका. वरचा थर जाईल आणि खालचं पितळ दिसायला लागेल."

वाचून ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघं हसलो. तू गेल्यावर या घरात हसण्याची ती पहिलीच वेळ, आणि तीही तुझ्या-माझ्या भांडणावर.

लग्नात तुझ्या बाबांनी मला घड्याळ दिलं ते स्टीलचं. जावयाला घड्याळ द्यायची रीतच आहे, आणि ते चांगलं होतं. माझी तक्रार नव्हती. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी तू पेटीतून एक मखमली डबी काढलीस. आत हे होतं. बोटाच्या पेराएवढं, चौकोनी, चावीचं. "बाबांनी मला दिलं. सोन्याचं आहे," तू म्हणालीस. आणि मी म्हटलं, "सोन्याचं पाणी असेल."

मला आजही वाटतं की माझा तर्क साधा होता. तुझे बाबा गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. त्या पगारात दोन मुलींची शिक्षणं केली हेच पुष्कळ होतं. त्यात सोन्याचं घड्याळ कुठून बसणार? दुसरं असं की, जावयाला स्टीलचं आणि मुलीला सोन्याचं, असं आपल्याकडे कोण करतं? चांगली वस्तू जावयाला देतात. म्हणजे तुझं घड्याळ माझ्या घड्याळापेक्षा भारी असणंच शक्य नव्हतं.

नवी नवरी होतीस म्हणून तेव्हा गप्प बसलीस. पुढे रुळल्यावर उत्तर दिलंस. "जावई काय, शोधला की मिळतो. थोरली मुलगी एकच असते."

आणि मग ती छापखान्याच्या मालकीणबाईंची गोष्ट. म्हाताऱ्या पारशी बाई. छापखाना बंद करताना त्यांनी स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून तुझ्या बाबांना दिलं आणि म्हणाल्या, "तारी दीकरीने आपजे." तुझ्या मुलीला दे.

"हे तू ऐकलंस?"

"बाबांनी सांगितलं."

"म्हणजे ऐकीव."

"अहो ऑडिटर साहेब," तू म्हणायचीस, "सासऱ्याचा शब्द ऐकीव धरायचा नसतो."

मी मात्र धरला. माझं कामच ते. कागद दाखवा, मग बोला. तुझे बाबा त्यानंतर थोडीच वर्षं होते. त्यांना तोंडावर विचारायची माझी हिंमत झाली नाही. तू चारचौघांत "सोन्याचं घड्याळ" म्हणालीस की मी तिथल्या तिथे दुरुस्ती करायचो. "सोन्याचं पाणी." हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे, आपल्या मजल्यावरच्यांपुढे, तुझ्या शाळेतल्या बाईंपुढे. मला खोटी नोंद सहन होत नाही. तू एकदाही चिडून आवाज वाढवला नाहीस, आणि एकदाही शब्द मागे घेतला नाहीस. पुढच्या वेळी पुन्हा "सोन्याचं घड्याळ"च.

एक उत्तनची मार्थाबाय तेवढी तुझ्या बाजूची. मासळीची पाटी घेऊन जिन्यात बसायची आणि तुझा हात बघून म्हणायची, "सोन्याचं घड्याल हाय हाताला, नि पापलेटला घासाघीस करतेस काय गो बाय!" एकदा मी आतून ओरडलो होतो, "पाणी आहे ते, मार्थाबाय!" तर ती म्हणाली, "साहेबाला सांग, पापलेट पन पान्याचंच हाय. नको तर र्‍हाऊ दे!" तू हसत हसत आत आलीस आणि तिने सांगितलेला भाव देऊन टाकलास. मला तो भाव पटला नव्हता, पण त्या दिवशी बोललो नाही.

परवा ती आली होती. तिला माहीत नव्हतं. दार मी उघडलं म्हणून तिने माझ्या मागे डोकावून बघितलं. "बाय न्हाय काय?" मी सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली आणि जिन्यातच बसली. उठताना म्हणाली, "आता मी कोनाशी भांडू?" मी तिला पाणी दिलं. मासळी घेतली नाही, तिने विचारलंही नाही.

हा प्रश्न मलाही आहे, मंजिरी. भांडण अर्ध्यावर ठेवून एक बाजू उठून गेली की दुसऱ्या बाजूने काय करायचं? सध्या मी दिवसभर कागद भरतोय. बँक, गॅस, रेशनकार्ड, तुझ्या शाळेचा भविष्य निर्वाह निधी. सगळीकडे तुझं नाव लिहायचं आणि त्याच्या आधी "कै." लावायचं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढून आणल्या, त्या संपल्या, पुन्हा काढून आणल्या. या सगळ्या नोंदी अचूक असतात. त्यांत वाद घालण्यासारखं काही नसतं. संध्याकाळी जेसल पार्कच्या खाडीकडे चक्कर मारायला जायची आपली सवय होती, तिकडे मी अजून गेलो नाही. पाय दुखतात असं केतकीला सांगतो.

तर ओरखडे. आज भिंगातून नीट बघितले. चौकटीच्या वरच्या बाजूला जवळजवळ नाहीत. सगळे एका कडेला आहेत, आणि एका कोपऱ्यात तर इतके दाट की तो कोपरा धुरकट दिसतो. त्याचं कारण मला माहीत आहे. तू घड्याळ उलटं घालायचीस, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. पेपर तपासताना तो कोपरा टेबलावर घासायचा. घरचं टेबल, पेणकरपाड्याच्या शाळेतलं टेबल, परीक्षेच्या दिवसांत तर मांडीवरचा पाटसुद्धा.

"सरळ घाल," मी सांगायचो. "निम्मे ओरखडे कमी होतील."

"वर्गात घड्याळ दिसलं की मुलं तास संपायची वाट बघतात."

"मुलं नाही, तू बघतेस. मुलांना कळू नये म्हणून लपवतेस."

यावर तू इतकी हसलीस की मला वाटलं, माझं बरोबर असावं.

ओरखड्यांचा तुला मात्र खरंच राग यायचा. दिवाळीत दागिने रिठ्याच्या पाण्यात धुवायचीस तेव्हा घड्याळ हातात घेऊन पुसत बसायचीस. पुसून जाणारे नव्हते ते. तेव्हा मी एकदा म्हटलं होतं, सोनाराला दाखवू. तो पॉलिश करून देईल. मनात दुसरंही होतं, ते तुला लगेच कळलं.

पण गेलो आपण. तुझ्या मंगळसूत्राची कडी सैल झाली होती, तेवढ्यासाठी, भाईंदरला स्टेशनजवळच्या दुकानात. कडी झाल्यावर मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "सेठ, ये घडी भी देख लो जरा. सोने की है क्या?" तो म्हणाला, "लाओ ना भाभी, कसौटी पे एक लकीर. अभी पता चल जाएगा." त्याने तो काळा दगड पुढे सरकवला. आणि तू हात मागे घेतलास. पाठीमागे लपवलास, लहान मूल खाऊ लपवतं तसा. "नाही." एवढंच म्हणालीस. तो सेठ हसला, मी ओशाळलो.

रस्त्यात म्हणालीस, "माझ्या बाबांची परीक्षा घ्यायची नाही."

"अगं, परीक्षा घड्याळाची आहे."

"नाही," तू म्हणालीस. आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही. म्हणजे, घड्याळ दगडाला लावायचा. पाण्याची दुरुस्ती सुरूच होती.

एक गोष्ट तेव्हा सुचली नाही, आता सुचते. तुला खात्री होती, तर एक रेघ ओढू दिली असतीस. मी कायमचा गप्प झालो असतो. ते तू केलं नाहीस. मग तुलाही भीती वाटत होती का? की खात्री इतकी होती, की दगडाला विचारणंच तुला अपमान वाटलं? दोन्ही शक्य आहे. विचारायला हवं होतं. इतकी वर्षं एका घरात काढून एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही.

आणि मग हॉस्पिटल. त्या दिवशी तुला आत नेणार होते, म्हणून नर्सने अंगावरच्या वस्तू काढून घेतल्या. बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ. प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि कागदावर लिहून माझी सही घेतली. तू पडल्या पडल्या विचारलंस, "काय लिहिलंत, सिस्टर?" तिने वाचून दाखवलं. "पिवळ्या धातूच्या बांगड्या, पिवळ्या धातूचं घड्याळ एक."

"घड्याळ सोन्याचं आहे," तू म्हणालीस. बांगड्यांबद्दल काही बोलली नाहीस, ज्या खरोखर सोन्याच्या होत्या आणि ज्यांची पावती माझ्याकडे आहे.

नर्स माझ्याकडे बघायला लागली. आणि मी म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे. तपासल्याशिवाय पिवळा धातूच लिहितात. सगळीकडे तसंच लिहितात."

त्या मुलीने तसंच लिहायला हवं होतं, यात शंका नाही. मी तिच्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं. पण तुझा हात माझ्या हातात होता आणि त्या हातात घड्याळ नव्हतं. मनगटावर चौकोनी पांढरा डाग तेवढा होता.

तू जरा हसलीस. "घरी आल्यावर बघू," म्हणालीस.

मला वाटलं होतं, भांडणाला पुरेसा वेळ आहे.

काय बघणार होतीस? दगडावर रेघ ओढू देणार होतीस, की मला धारेवर धरणार होतीस? मी याच्यावर खूप विचार केलाय. उत्तर निघत नाही.

आज सकाळी मी माझ्या रीतीने सुरुवात केली. शंका असेल तिथे वाईट तेच गृहीत धरायचं, म्हणजे नुकसान होत नाही. पाणी दिलेलं आहे असं धरून चाललो. चामड्याचा पट्टा काढला. रिठा भिजवला होता, त्या पाण्यात मऊ फडकं बुडवून घट्ट पिळलं, चावीच्या भोकातून पाणी आत जाऊ नये म्हणून. पुसलं, कोरड्या फडक्याने टिपलं. तुझ्या हाताचा घाम, कणिक, खडूची भुकटी, जे काही सांदीत होतं ते निघालं. मागच्या बाजूला काही अक्षरं कोरलेली होती. धातू कोणता ते तिथे लिहिलेलं असतं, हे मला माहीत आहे, आणि पूर्वीही मी एकदा बघितलं होतं, तेव्हाही लागलं नव्हतं. तुझ्या मनगटाने ती इतकी झिजवली आहेत की दोन उभ्या रेघांपलीकडे काही वाचता येत नाही. घड्याळ स्वच्छ झालं. ओरखडे होते तिथेच होते, उलट जास्त स्पष्ट दिसायला लागले.

"निघत नाहीत, बाबा."

"निघणार नाहीत. ते घासावे लागतात."

"मग सोनाराकडे जाऊन येता का? एक मिनिटाचं काम आहे. एकदा कळलं की कळलं."

ती बरोबर बोलत होती. मी शर्ट बदलला, घड्याळ रुमालात बांधून खिशात ठेवलं, चपला घातल्या. लिफ्टने खाली उतरलो. गेटपाशी रिक्षा उभी होती, रिक्षावाल्याने विचारलंही, "स्टेशन?" मी तिथे उभा राहिलो. आता मला अडवणारं कोणी नव्हतं. आणि मला सारखा तुझा हात दिसत होता, पाठीमागे गेलेला. मी त्याला नको म्हटलं आणि वर आलो.

केतकीने दार उघडलं. मी म्हटलं, "टूथपेस्ट आण. पांढरी, जेलची नको. आणि कागदी चिकटपट्टी."

"घासणार?"

"हो."

"पितळ निघालं तर?"

"तर निघेल."

"बाबा, आईचं घड्याळ आहे ते. खराब झालं तर?"

"आईचं म्हणणं, सोन्याचं आहे."

"आणि तुमचं?"

"माझं सध्या धरू नकोस."

काचेवर आणि तबकडीच्या कडेला पट्टी लावली. फडक्यावर वाटाण्याएवढी पेस्ट घेतली. आधी मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे घासून बघावं असं त्या सूचनांत होतं. मी तसं केलं नाही. ती पुन्हा परीक्षाच झाली असती. सरळ त्या धुरकट कोपऱ्यावर बोट ठेवलं. हलक्या हाताने, एकाच दिशेने. फडकं काळं पडलं. केतकी म्हणाली, "बास, बघा आधी." मी बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथेच थांबलो असतो.

ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, मग खिडकीशी नेऊन भिंग लावलं.

बारीक ओरखडे गेले होते. खोल होते ते दोन-तीन राहिले, पण त्यांच्या कडा बोथट झाल्या. कोपऱ्याचा धुरकटपणा गेला. आणि तो पिवळा होता. शेजारच्या भागासारखाच पिवळा.

आता मी तुला खोटं सांगणार नाही. याने काही सिद्ध होत नाही. पाणी जाड दिलेलं असेल तर तेही इतकं टिकू शकतं. पण इतक्या वर्षांचं टेबल, इतक्या वह्या, आणि त्यावर आजची पेस्ट. एवढ्यावर कुठेतरी पितळ दिसायला हवं होतं, असंही म्हणता येतं. कागदावर मी अजूनही "पिवळा धातू" असंच लिहीन. पण मी ते घासलं, मंजिरी. न तपासता, तुझ्या शब्दावर. माझ्या आयुष्यात मी असं दुसरं काही केलेलं आठवत नाही.

पट्टा परत चढवताना डोळ्यांना नीट दिसेना, ते काम केतकीने केलं.

दुपारी मेधाचा फोन आला. रोज येतो, तुझ्या बहिणीने कधी चुकवलेला नाही. जेवलात का, गोळी घेतलीत का, केतकी किती वाजता निघणार, असं सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "भावोजी, ताईचं ते पाणी दिलेलं घड्याळ काढून ठेवलंत का हो? केतकी नेणार होती ना?"

पाणी दिलेलं घड्याळ. तुझी सख्खी बहीण. त्याच बाबांची मुलगी. इतकी वर्षं मी जे दुरुस्त करत आलो ते असं सगळ्यांच्या तोंडी पक्कं बसलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. भांडण मीच जिंकलो होतो. तू सोडून सगळ्यांशी.

मी म्हटलं, "पाणी नाही, मेधा. सोन्याचं आहे ते."

मग म्हणाली, "तपासलंत?"

"नाही."

"मग?"

"तिने सांगितलं होतं."

फोनवर तिच्या रडण्याचा आवाज आला. मी थांबलो, ती थांबेपर्यंत. मग ती नाक पुसत म्हणाली, "अहो, पण सगळ्यांना तर पाणी म्हणूनच माहीत आहे. मामींना, नाशिकच्या काकूंना, तुमच्या त्या वरच्या मजल्यावरच्यांना..."

"माहीत आहे," मी म्हटलं. "सांगतो एकेकाला."

माणसं पुष्कळ आहेत, मंजिरी, आणि मी फार दमलोय. पण चुकीची नोंद माझी आहे. मार्थाबाय येईल तेव्हा तिच्यापासून सुरुवात करतो. तिला फक्त एवढंच सांगायचं आहे, की तिचं बरोबर होतं.